अंगभूत कूटलेखन आणि व्यावसायिक सॉफ्टवेअर : एका दाव्याचे परीक्षण

१. प्रश्नाचे स्वरूप

व्यवसायासाठी तयार केलेल्या सॉफ्टवेअरची माहितीपत्रके शेजारी ठेवून वाचली असता त्यांत एक दावा जवळजवळ ठरलेल्या जागी आढळतो. ग्राहकाची सर्व माहिती कूटलेखनाने सुरक्षित केलेली आहे, ही सोय सॉफ्टवेअरमध्येच अंगभूत आहे आणि तिच्यासाठी वेगळा खटाटोप करावा लागत नाही, असा त्या दाव्याचा आशय असतो. व्यवहारात ज्याला एन्क्रिप्शन म्हणतात त्या क्रियेसाठी येथे कूटलेखन हा शब्द योजिला आहे. मूळ मजकूर एका गुप्त किल्लीच्या साहाय्याने अशा रूपात पालटणे, की ती किल्ली ज्याच्याजवळ नाही त्याला तो वाचता येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ होय.

हा दावा खोटा आहे असे सरसकट म्हणता येत नाही. परंतु तो अपुरा आहे, आणि हा अपुरेपणा वाचणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही. इतवारीतील घाऊक व्यापाऱ्याची खतावणी, गांधीबागेतील कापड-दुकानाची उधारी, सहकारी पतसंस्थेची कर्जखाती, कारखान्याचे पगारपत्रक, रुग्णालयातील नोंदी या सर्व आता संगणकावर आहेत. पूर्वी वही लाल कापडात बांधून कपाटात ठेवली म्हणजे तिची काळजी मिटत असे. ती वाचण्यासाठी कोणाला तरी कपाटापर्यंत यावे लागे. आज त्याच वहीची नक्कल पेन-ड्राइव्हवर, हिशेबतपासनिसाच्या कार्यालयात, ई-मेलच्या पेटीत आणि दूरच्या सर्व्हरवर एकाच वेळी असू शकते. अशा स्थितीत अंगभूत कूटलेखनावर किती भिस्त ठेवावी, हा प्रश्न तंत्रज्ञांपुरता मर्यादित राहत नाही. वाणिज्य, विधी आणि व्यवस्थापन या शाखांच्या अभ्यासकांनाही त्याचा विचार करणे प्राप्त आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. पासवर्ड विचारणे म्हणजे कूटलेखन नव्हे. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये पासवर्डाची चौकट केवळ दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याचे काम करते. आतील माहिती साध्या रूपातच साठविलेली असते, आणि पहारेकऱ्याला वळसा घालून मूळ फाइल दुसऱ्या साधनाने उघडली की सर्व काही वाचता येते. कूटलेखनात माहितीचे रूपच पालटलेले असते. या दोन गोष्टींची गल्लत माहितीपत्रकांत वारंवार झालेली दिसते आणि खरेदीदाराच्या मनातही ती होते.

२. सकळ लिपीचा दाखला

कूटलेखनाच्या बलाबलाचा विचार करताना पाश्चात्त्य युद्धांच्या इतिहासाकडे जाण्याचा प्रघात आहे. परंतु मराठी वाङ्मयाच्या इतिहासातच या विषयाचा एक दीर्घकालीन प्रयोग उपलब्ध असून त्याच्या संशोधनाशी नागपूरचा निकटचा संबंध आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, वज्र इत्यादी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. यांपैकी सकळ लिपी सर्वांत अधिक प्रचारात होती आणि तिच्या निर्मितीचे श्रेय परंपरेने रवळोबासांना दिले जाते. तिचे तत्त्व मुख्यतः अक्षरांच्या अदलाबदलीचे आहे. एका अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे अक्षर लिहावयाचे, आणि हा नियम सर्व ग्रंथांत सारखाच पाळावयाचा. या लिप्यांमागील हेतूंविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ग्रंथांची पवित्रता राखणे आणि ते अनधिकारी वाचकाच्या हाती पडू न देणे, हे हेतू सामान्यतः सांगितले जातात.

ही व्यवस्था अनेक शतके टिकली. ती कशामुळे टिकली, हे पाहणे उद्बोधक आहे. अक्षराला अक्षर अशा पद्धतीत भाषेचा सांगाडा जसाच्या तसा राहतो. मराठीत जे अक्षर वारंवार येते त्याचा पर्यायही तितक्याच वारंवार येतो, आणि तोच शब्द दर वेळी त्याच रूपात दिसतो. पुरेसा मजकूर हाती आला आणि भाषा अवगत असली, तर चिकाटीच्या वाचकाला ती उलगडणे अशक्य नसते. तेव्हा या लिपीच्या दीर्घायुष्याचे कारण तिच्या रचनेत शोधून मिळत नाही. पोथ्या मठांबाहेर जात नसत आणि लिपीचे ज्ञान गुरुपरंपरेने मोजक्या लोकांना मिळे. म्हणजे खरे संरक्षण पोथीभोवतीच्या शिस्तीचे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी पोथ्या बाहेर आल्या आणि इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली, तेव्हा एका पोथीचे रहस्य उलगडताच त्या लिपीतील सर्व ग्रंथ खुले झाले. किल्ली सर्वांना एकच होती, हे त्याचे कारण.

या प्रयोगाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. मराठी गद्याच्या आरंभकाळातील ‘लीळाचरित्रा’सारखा ग्रंथ पंथाबाहेरील अभ्यासकांना दीर्घकाळ अज्ञात राहिला आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास त्याच्यावाचून लिहिला गेला. नागपूरचे हरि नारायण नेने यांनी तो १९३० च्या दशकात प्रकाशात आणण्यास आरंभ केला. पुढे डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली प्रत १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली. कूटलेखनाने माहिती झाकली जाते, तशीच ती हरवूही शकते, हा या इतिहासाचा बोध होय. आजच्या व्यावसायिक सॉफ्टवेअरची परीक्षा करताना हे दोन्ही निष्कर्ष उपयोगी पडतात.

३. कूटपद्धतीचे बळ

कूटपद्धती शत्रूच्या हाती पडली तरी हानी होऊ नये, गुप्तता केवळ किल्लीवर अवलंबून असावी, हे तत्त्व ऑगुस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ साली लष्करी कूटलेखनावरील आपल्या फ्रेंच लेखात मांडले. आधुनिक कूटशास्त्राचा पाया या तत्त्वावर उभा आहे. ‘आमची पद्धत गुप्त आहे, म्हणून ती सुरक्षित आहे,’ असे एखादा विक्रेता सांगू लागला, तर त्याची गणना सकळ लिपीच्याच वर्गात करावी लागेल. ज्या पद्धती सर्वांपुढे ठेवल्या गेल्या आणि जगभरच्या तज्ज्ञांनी वर्षानुवर्षे प्रयत्न करूनही ज्या मोडल्या नाहीत, त्यांवरच विश्वास ठेवणे युक्त होय.

या कसोटीवर व्यावसायिक सॉफ्टवेअरचा गतकाळ फारसा गौरवास्पद नाही. एक्सेल हे याचे परिचित उदाहरण आहे. त्याच्या जुन्या स्वरूपाच्या फाइलींत पत्रकाला पासवर्डाचे संरक्षण दिले, तर पत्रकातील मजकुराचे कूटलेखन होत नसे. पासवर्डापासून काढलेले सोळा बिटांचे एक पडताळा-मूल्य तेवढे साठविले जाई. अशी मूल्ये फार तर ६५,५३६ असू शकतात. त्यामुळे मूळ पासवर्ड ठाऊक नसला तरी तेच मूल्य देणारा दुसरा कोणताही शब्द चालत असे, आणि तो शोधण्यास साध्या संगणकाला क्षणभराचा अवधी पुरे होई. पगाराचे रकाने अशा रीतीने ‘लपविलेली’ पत्रके आजही कार्यालयांतून फिरत असतात.

संपूर्ण फाइल पासवर्डाने बंद करण्याची सोय याहून निराळी आहे. १९९७ च्या आवृत्तीत तिच्यासाठी चाळीस बिटांची किल्ली होती. चाळीस बिटांच्या सर्व संभाव्य किल्ल्यांची संख्या सुमारे एक लाख दहा हजार कोटी भरते. ती मनुष्याला अपार वाटते, परंतु यंत्राला वाटत नाही. ही मर्यादा तांत्रिक अज्ञानातून आलेली नव्हती. बळकट कूटलेखनाच्या निर्यातीवर अमेरिकेने तेव्हा निर्बंध घातलेले होते, ते २००० साली बऱ्याच अंशी शिथिल झाले. किल्लीची लांबी अपुरी असल्यास काय होते, हे १९९८ मध्ये उघडपणे सिद्ध झाले. १९७७ पासून प्रमाण मानल्या गेलेल्या डेस या छप्पन्न बिटांच्या पद्धतीची किल्ली एका खास यंत्राने छप्पन्न तासांत शोधून काढली. त्यानंतर २००१ मध्ये एईएस ही नवी पद्धत प्रमाण म्हणून स्वीकारण्यात आली. एक्सेलसह ऑफिसच्या २००७ च्या आवृत्तीत १२८ बिटांची एईएस आली आणि पासवर्डापासून किल्ली तयार करताना गणिती क्रिया पन्नास हजार वेळा, तर २०१० च्या आवृत्तीत एक लाख वेळा करण्याची योजना झाली. ही पुनरावृत्ती मुद्दाम केलेली असते. प्रामाणिक वापरणाऱ्याला तिच्यामुळे पळभराचा विलंब होतो, पण पासवर्ड एकामागून एक चाचपून पाहणाऱ्याचा प्रत्येक प्रयत्न तितकाच महाग पडतो.

यावरून एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कूटपद्धतीच्या दृष्टीने आजची नामांकित सॉफ्टवेअरे पूर्वीपेक्षा फार पुढे गेली आहेत. योग्य रीतीने वापरलेली एईएस सर्व किल्ल्या चाचपून मोडण्याचा विचार आजच्या यंत्रांच्या आधारे कोणी करीत नाही. मात्र ‘योग्य रीतीने वापरलेली’ या शब्दांत पुष्कळ काही सामावलेले आहे. अडोबी या अमेरिकन कंपनीच्या संगणकांतून २०१३ साली ग्राहकांच्या नोंदी चोरीस गेल्या, तेव्हा त्यांतील पासवर्ड कूटलिखित होते. परंतु सर्वांसाठी किल्ली एकच होती आणि मजकुराचा तोच तुकडा दर वेळी त्याच कूटरूपात उतरेल अशी रीत योजलेली होती. परिणामी ज्यांचे पासवर्ड सारखे होते त्यांच्या नोंदीही सारख्या दिसत. शिवाय पासवर्ड आठवण्यासाठी ग्राहकांनी लिहिलेल्या खुणा शेजारीच उघड्या होत्या. किल्ली न सापडताही असंख्य पासवर्ड केवळ ताडून ओळखता आले. एकच किल्ली आणि शब्दाचे ठरलेले रूप या दोन दोषांमुळेच सकळ लिपी उलगडली होती. सहाशे वर्षांचे अंतर असूनही दोषाची जात बदललेली नाही.

४. किल्लीचा प्रश्न

पद्धत उत्तम असली म्हणजे सारा भार किल्लीवर येतो. व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये ही किल्ली दोन प्रकारांनी येते. ती एक तर वापरणाऱ्याच्या पासवर्डातून घडविली जाते किंवा यंत्रातच कोठेतरी जतन केलेली असते. दोन्ही प्रकारांच्या मर्यादा निरनिराळ्या आहेत.

पासवर्डातून घडविलेल्या किल्लीचे बळ पासवर्डाइतकेच असते. किल्ली १२८ बिटांची असली, पण पासवर्ड म्हणून मालकाची किंवा त्याच्या मुलाची जन्मतारीख असली, तर शंभर वर्षांच्या सर्व तारखा मिळून ३६,५२५ च्या आसपास पर्याय होतात. सेकंदाला केवळ शंभर प्रयत्न धरले तरी सहा-सात मिनिटांत ते संपतात. उलट लहान इंग्रजी अक्षरे आणि अंक यांतून यदृच्छया निवडलेला बारा वर्णांचा पासवर्ड घेतला, तर सेकंदाला दहा लाख प्रयत्न करणाऱ्या यंत्रालाही सर्व पर्याय चाचपण्यास सुमारे दीड लाख वर्षे लागतील. सॉफ्टवेअर तेच, पद्धत तीच, माहितीपत्रकातील विधानही तेच. सुरक्षिततेत मात्र सहा मिनिटे आणि दीड लाख वर्षे एवढा फरक पडतो. हा फरक वापरणाऱ्याच्या हाती आहे, आणि त्याला तो सांगण्याची जबाबदारी विक्रेत्याची आहे.

भारतीय व्यापाऱ्यांच्या विशेष परिचयाचे टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर या संदर्भात विचारात घेण्याजोगे आहे. त्यात दोन निरनिराळ्या सोयी आहेत. पहिली, प्रत्येक वापरकर्त्याला नाव व पासवर्ड देऊन त्याच्या अधिकारांची मर्यादा ठरविण्याची. दुसरी, टॅली व्हॉल्ट या नावाने कंपनीची माहितीच कूटलिखित करण्याची. दुसरी सोय वापरली असता कंपन्यांच्या यादीत त्या कंपनीचे नावदेखील तारकांनी झाकले जाते, आणि पासवर्ड विसरल्यास माहिती परत मिळविता येत नाही असे उत्पादकाकडून स्पष्टपणे बजावले जाते. या दोन सोयी वेगळ्या ठेवणे आणि दुसरीचा धोका न लपविणे, हा या रचनेचा गुण मानला पाहिजे. ज्या सॉफ्टवेअरचा विक्रेता ‘पासवर्ड विसरलात तरी आम्ही माहिती उघडून देऊ’ असे आश्वासन देतो, तेथे ग्राहकाला दिलासा वाटेल, पण अभ्यासकाच्या मनात शंका उत्पन्न झाली पाहिजे. विक्रेता उघडू शकतो याचा अर्थ किल्ली दुसऱ्या कोणाजवळ तरी आहे, किंवा मुळात कूटलेखन झालेलेच नाही.

तथापि हा गुणच अनेक दुकानांत अडचणीचा ठरतो. पासवर्ड एका मुनिमाच्या स्मरणात असतो आणि तो नोकरी सोडून गेला की वर्षाचा जमाखर्च कुलूपबंद होतो. या भीतीने पुष्कळ ठिकाणी ही सोय वापरलीच जात नाही, किंवा पासवर्ड संगणकाच्या पडद्यालाच चिकटवून ठेवला जातो. ‘लीळाचरित्रा’च्या इतिहासात जी हानी शतकांच्या मापाने झाली, तीच येथे एका आर्थिक वर्षाच्या मापाने होते. तेव्हा किल्ली जपणे म्हणजे ती परक्यापासून दूर ठेवणे एवढेच नव्हे. योग्य माणसाला योग्य वेळी ती सापडली पाहिजे, हेही त्यात येते.

दुसऱ्या प्रकारात किल्ली यंत्रात असते. मोठ्या संस्थांची माहिती ज्या डेटाबेसमध्ये साठविलेली असते, त्यांत वापरणाऱ्याला न जाणवता आपोआप होणाऱ्या कूटलेखनाची सोय आहे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती २००८ च्या आवृत्तीपासून आली. येथे माहिती तबकडीवर लिहिली जाताना कूटरूप घेते आणि वाचली जाताना मूळ रूपात येते. तबकडी किंवा बॅकअपची प्रत चोरीस गेली तर हे संरक्षण खरोखर मोलाचे आहे. परंतु ज्याला डेटाबेसमध्ये प्रवेशाचा अधिकार आहे, किंवा ज्याने तो अधिकार चोरला आहे, त्याच्यापुढे माहिती साध्या रूपातच उभी राहते. शिवाय किल्लीचे रक्षण करणारे प्रमाणपत्र बॅकअपच्या शेजारीच ठेवले तर चोराला दोन्ही एकदम मिळतात, आणि ते जपून न ठेवले तर स्वतःचाच बॅकअप उघडत नाही. सोय अंगभूत असली तरी हा निर्णय अंगभूत असू शकत नाही. तो माणसालाच घ्यावा लागतो.

५. अधिकृत द्वारातून होणारा प्रवेश

अलीकडच्या मोठ्या घटना पाहिल्या असता हल्लेखोर कूटलेखनाशी झुंज देत नाहीत, ते त्याला बगल देतात, असे दिसून येते. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला हे याचे ठळक उदाहरण होय. त्या महिन्याच्या ११ तारखेला काही तासांत २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांच्या साहाय्याने सुमारे ७८ कोटी रुपये काढण्यात आले. भारतातूनही अडीच कोटींच्या आसपास रक्कम गेली. १३ तारखेला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेतून सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात पाठविले गेले. एकूण नुकसान ९४ कोटींवर गेले. या प्रकरणात कार्डावरील व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या व्यवस्थेच्या जागी एक बनावट व्यवस्था उभी करण्यात आली होती. पैसे मागणाऱ्या यंत्राने विचारलेला प्रश्न बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचलाच नाही आणि होकार मात्र मिळत राहिला. कोणाचेही कूट मोडावे लागले नाही. मजकूर झाकणे हे कूटलेखनाचे काम. बोलणारा खरा कोण आहे याची खात्री करणे हे प्रमाणीकरणाचे काम असून त्याची व्यवस्था स्वतंत्रपणे करावी लागते. ‘कूटलेखन आहे’ या एका उत्तराने दोन्ही प्रश्न सुटतात असे मानणे ही गफलत होय.

नागपुरात घडलेली घटना निराळ्या अंगाने बोलकी आहे. स्फोटके तयार करणाऱ्या सोलार इंडस्ट्रीज इंडिया या येथील कंपनीच्या संगणकव्यवस्थेवर जानेवारी २०२३ मध्ये खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. ब्लॅककॅट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळीने दोन टेराबाइट माहिती काढून घेतल्याचा दावा केला आणि प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासाखाली आले. कंपनी संरक्षणक्षेत्रालाही माल पुरविणारी असल्याने या घटनेचे गांभीर्य स्थानिक राहिले नाही. अशा टोळ्यांची सर्वसाधारण कार्यपद्धती दुहेरी असते. प्रथम माहितीची नक्कल बाहेर नेली जाते, मग मूळ माहिती कूटलिखित करून मालकालाच तिच्यापासून तोडले जाते. खंडणी न दिल्यास नक्कल जाहीर करण्याची धमकी असते. हल्लेखोर एखाद्या अधिकृत वापरकर्त्याच्या नावाने आत शिरलेला असल्यास तबकडीवरील अंगभूत कूटलेखन त्याला अडवू शकत नाही, कारण त्याच्यासाठी माहिती आपोआप उलगडली जाते.

या प्रकारात एक मर्मभेदक गोष्ट आहे. खंडणीखोर ज्या पद्धती वापरतो त्या व्यापाऱ्याच्या सॉफ्टवेअरमधील पद्धतींहून फारशा वेगळ्या नसतात. प्रत्येक फाइलीसाठी स्वतंत्र किल्ली, ती किल्ली पुन्हा दुसऱ्या किल्लीने बंद केलेली, आणि ती अंतिम किल्ली फक्त टोळीजवळ, अशी त्याची रचना असते. हल्ला झालेल्या संस्थांना आपलीच माहिती बहुधा उघडता येत नाही, यातच कूटलेखन किती अभेद्य असू शकते याचा पुरावा आहे. फरक आहे तो शिस्तीचा. आपली किल्ली कोठे आहे आणि कोणाजवळ नाही, हे चोराला नेमके ठाऊक असते. पुष्कळ मालकांना ते ठाऊक नसते.

याहून शांतपणे होणारी गळतीही आहे. हिशेबाची मूळ फाइल कूटलिखित असली तरी तिच्यातून दरमहा वस्तू व सेवा कराची विवरणे, पीडीएफ बिले आणि एक्सेलमधील पगारपत्रके बाहेर पडतात. ती साध्या रूपात असतात आणि तशीच हिशेबतपासनिसाकडे, बँकेकडे किंवा मोबाइलवरून एकमेकांकडे पाठविली जातात. तिजोरीतील वहीची रोज नक्कल करून ती ओट्यावर ठेवावी, तसा हा प्रकार आहे. अंगभूत कूटलेखनाचे क्षेत्र त्या सॉफ्टवेअरच्या उंबरठ्याशी संपते, हे माहितीपत्रकात क्वचितच सांगितलेले असते.

६. दोन आक्षेपांचा विचार

वरील विवेचनावर दोन आक्षेप घेतले जाणे शक्य आहे. पहिला असा, की अंगभूत सोय अपुरी म्हणून तिला नावे ठेवली तर लहान व्यापारी ती वापरणेच सोडून देईल आणि आहे ते संरक्षणही गमावील. या आक्षेपात तथ्य आहे. प्रवासात हरवलेला लॅपटॉप, दुरुस्तीला दिलेली तबकडी, चोरीस गेलेला पेन-ड्राइव्ह या नित्याच्या प्रसंगांत अंगभूत कूटलेखनच उपयोगी पडते, आणि ते सुरू असणे व नसणे यांत महदंतर आहे. म्हणून ते वापरू नये असा निष्कर्ष यातून निघत नाही. ते कोणत्या प्रसंगी उपयोगी आहे आणि कोणत्या प्रसंगी नाही, याची स्पष्ट मांडणी व्हावी, एवढीच अपेक्षा आहे.

दुसरा आक्षेप असा, की आता बहुतेक सॉफ्टवेअर दूरच्या सर्व्हरवरून चालते. तेथे किल्ल्यांची व्यवस्था तज्ज्ञांकडे असते, तेव्हा ग्राहकाने तिची चिंता का वाहावी? लहान दुकानदारापेक्षा मोठ्या कंपनीचे तज्ज्ञ किल्ली अधिक चांगली सांभाळतील, हे बहुधा खरे आहे. परंतु किल्ली दुसऱ्याकडे गेली म्हणजे विश्वासाचा विषय बदलतो, प्रश्न नाहीसा होत नाही. त्या कंपनीतील कोणाला माहिती उघडता येते, करार संपल्यावर किल्लीचे व प्रतींचे काय होते, न्यायालयीन आदेश आल्यास काय केले जाते, या गोष्टी आता करारपत्राच्या कक्षेत येतात. त्या वाचण्याचे काम तंत्रज्ञाइतकेच विधिज्ञाचेही आहे.

७. परीक्षणाची कसोटी

कायद्याची दिशाही याच विचाराला अनुकूल आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला. त्यात वाजवी सुरक्षाव्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. या नियमांत कूटलेखनाचा उल्लेख अनेक उपायांपैकी एक म्हणून येतो. प्रवेशावर नियंत्रण, नोंदींची तपासणी आणि बॅकअप यांची जोड त्याला दिलेली आहे. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिलीच पाहिजे आणि ती बंद करता येऊ नये, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्याचे मर्म असे, की माहिती कोणी वाचली नाही ना, एवढे पाहून भागत नाही. ती कोणी बदलली नाही ना, हेही पाहावे लागते. रिझर्व्ह बँकेने याहून एक पाऊल पुढे टाकले. १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई झाली आणि त्याऐवजी टोकनाची पद्धत आली. जी माहिती जवळच नाही ती चोरीस जात नाही, हे साधे तत्त्व कोणत्याही कूटपद्धतीपेक्षा अधिक भक्कम आहे.

या सर्वांच्या आधारे एखाद्या सॉफ्टवेअरच्या दाव्याची परीक्षा करताना पुढील प्रश्न विचारणे योग्य ठरेल. माहितीचे खरोखर कूटलेखन होते की केवळ प्रवेश अडविला जातो? वापरलेली पद्धत सार्वजनिक व प्रमाणित आहे काय? किल्ली कोठून येते, कोठे राहते आणि मालकाखेरीज कोणाला उपलब्ध असते? किल्ली हरवल्यास काय करावयाचे? बॅकअप आणि बाहेर काढलेल्या फाइली कूटलिखित असतात काय? अधिकृत वापरकर्त्याच्या नावाने शिरलेल्या परक्याविरुद्ध कोणती तजवीज आहे? ज्या माहितीपत्रकात या प्रश्नांची उत्तरे सापडत नाहीत, त्यातील ‘पूर्णपणे सुरक्षित’ हे शब्द जाहिरातीच्या भाषेचे समजावेत.

सारांश, आजच्या चांगल्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमधील कूटलेखनाचे गणित विश्वासार्ह आहे. त्या गणिताभोवतीची व्यवस्था मात्र बहुतेक ठिकाणी विश्वासार्ह नाही, आणि ती सॉफ्टवेअरबरोबर विकत मिळत नाही. या व्यवस्थेच्या अभावाची किंमत केवळ मालकाला मोजावी लागत नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेतली पाहिजे. पगारपत्रकात ज्याचा आधार-क्रमांक व बँकखाते आहे तो कामगार, पतसंस्थेत ज्याची ठेव आहे तो शेतकरी, रुग्णालयाच्या नोंदीत जिचा आजार लिहिलेला आहे ती स्त्री, यांपैकी कोणीही ते सॉफ्टवेअर निवडलेले नसते आणि पासवर्ड ठरविताना कोणी त्यांना विचारलेले नसते. किल्ली नीट ठेवण्याचे कर्तव्य मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.